शेवटची वीस पावलं

गुरुवारी संध्याकाळी सव्वापाच वाजता डॉ. दिनकर इंगवले एकाच वेळी दोन ठिकाणी होते.

पहिलं ठिकाण म्हणजे वाघोशी गावातल्या सरकारी ग्रंथालयाचं सभागृह. तिथे चार ते सहा या वेळात ते ‘मुंग्या वाट कशी शोधतात’ या विषयावर बोलत होते. समोर साठ माणसं होती आणि त्यांतली पंचावन्न तरी जागी होती. दुसरं ठिकाण म्हणजे गावापासून तीन किलोमीटरवरचा भैरोबाचा सडा (डोंगरमाथ्यावरचं कातळाचं सपाट पठार). तिथे ते एकटेच होते, असं सरकारी पत्रात लिहिलं होतं.

पत्र शनिवारी सकाळी आलं. गुरुवारच्या गोष्टीचं सरकारी पत्र शनिवारी घरी पोचतं, एवढ्यावरूनच ही गोष्ट पुढच्या काळातली आहे हे वाचकांच्या लक्षात येईल. डॉक्टरांची नात ऊर्वी सहावीत होती. पत्र तिने मोठ्याने वाचून दाखवलं, कारण आजोबांचा चष्मा नेहमीप्रमाणे सापडत नव्हता.

“‘सड्यावर डाक-ड्रोनच्या तळासाठी रोवलेले मोजणीचे अकरा खुंट गुरुवारी उपटून टाकलेले आढळले. त्या दिवशी आपण सड्यावर होता, असे पाऊलखुणा कंपनीने दिलेल्या एकशे चाळीस जणांच्या नोंदींवरून दिसते. सोमवारी सकाळी अकरा वाजता मोजणी कार्यालयात हजर राहून खुलासा करावा. खुलासा समाधानकारक नसल्यास आपले नाव संशयितांच्या यादीत जाईल व सरकारी इमारतीत कार्यक्रम घेण्याची आपली परवानगी रद्द होईल.’”

म्हणजे गुरुवारची व्याख्यानं बंद. आजोबांचा आठवडा गुरुवारपासून गुरुवारपर्यंत असे. ऊर्वीला एकदम भीती वाटली.

“पण तुम्ही तर आमच्यासमोर होतात,” ती म्हणाली. “मी पहिल्या रांगेत होते.”

“माणसांना मी सभागृहात दिसत होतो,” आजोबा म्हणाले. “चपलेच्या मते मी सड्यावर होतो. आता दोघांपैकी कोण चुकतंय ते शोधायचं.”

ही चप्पल काय भानगड होती, ते आधी सांगायला हवं. सात वर्षांपूर्वी ऊर्वीची आजी न्हाणीघरात तोल जाऊन पडली आणि पुन्हा उठून चालली नाही. आजोबा निवृत्त शास्त्रज्ञ होते. ते दोन वर्षं कोणाशी धड बोलले नाहीत आणि मग त्यांनी एक चप्पल तयार केली. दिसायला ती साधी कापशी (कोल्हापुरी घाटाची) चप्पल होती, पण तिच्या टाचेत एक संवेदक (हालचाल आणि दाब टिपणारा छोटा भाग) बसवलेला होता. पाऊल किती जोरात पडलं, किती वेळ टेकलं, कुठल्या बाजूला कललं, हे तो मोजायचा. तोल जाण्याची चिन्हं दिसली की अंगठ्यापाशी हलकी थरथर व्हायची, म्हणजे माणूस आधीच सावध व्हायचा. तरीही कोणी पडलंच, तर ठिकाण कळवून मदत बोलावली जायची. पाऊलखुणा नावाच्या कंपनीने ती चप्पल बाजारात आणली. आता अर्ध्या जिल्ह्याच्या पायात ती होती.

आजोबांनी भिंतीवरचा पडदा सुरू करून आपल्या खात्यातली गुरुवारची नोंद उघडली. एक निळी रेघ ग्रंथालयातून निघून सड्यावर गेलेली होती. खाली प्रत्येक पावलाचा आलेख होता. पावलं आखूड होती. डावा पाय जमिनीवरून उचललाच जात नव्हता, घासत पुढे येत होता. एका ठिकाणी माणूस नुसता मागे वळला होता, तर त्याला सात पावलं लागली होती.

आजोबांनी ते पाहिलं आणि घाईने पडदा बंद केला.

“ही माझी चाल नाही,” ते म्हणाले.

“मग कोणाची आहे?”

“ते बघायचा मला अधिकार नव्हता,” आजोबा म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता.

ऊर्वी उठून दारापाशी गेली. आजोबांच्या चपला उंबऱ्याबाहेर होत्या. तिने एक उलटी केली. टाचेत संवेदकाचा हिरवा दिवा नव्हता. पट्ट्यावर तेलाचा जुना डाग होता आणि त्याला जळक्या वातीचा वास येत होता.

“आजोबा, तुम्ही परवापासून कोणाच्या चपला घालून फिरताय?”

आजोबांनी चपला हातात घेतल्या, फिरवून पाहिल्या आणि कबूल केलं की त्या आपल्या नाहीत. ग्रंथालयाच्या दाराशी साठ जोड पडलेले असतात. त्यांतले निम्मे कापशी. आपल्याकडे लग्नात, कीर्तनात, हळदीकुंकवात कुठेही चपलांची अदलाबदल होते आणि त्याचं कोणाला काही वाटत नाही. गावात देवळातल्या दिव्याच्या तेलाचा वास एकाच माणसाच्या अंगाला येई. भैरोबाचे पुजारी नामदेव गुरव. ते दर गुरुवारी व्याख्यानाला येत, शेवटच्या रांगेत छान झोपत आणि दिवाबत्तीची वेळ झाली की मधूनच उठून सड्यावरच्या देवळाकडे चालू लागत.

“सुटलं कोडं,” ऊर्वी म्हणाली. “सोमवारी सांगून टाकू. चपला नामदेवकाकांच्या पायात होत्या.”

“बस इथे,” आजोबा म्हणाले.

ती बसली.

“तो आलेख तू पाहिलास. आखूड पावलं, घासणारा पाय, वळायला लागणारी सात पावलं. अशी चाल काही वेळा कंपवाताची (मेंदूचा एक आजार, यात हात थरथरतात आणि पाऊल अडखळतं) सुरुवात असते. डॉक्टरांनी तपासल्याशिवाय खात्री देता येत नाही. नामदेवरावांना हे अजून माहीत नसेल. किंवा माहीत असेल आणि त्यांनी लपवलं असेल. देवस्थान समितीला कळलं तर म्हणतील, काका, आता सडा चढू नका, दुसरा माणूस नेमतो. चाळीस वर्षं तो दिवा त्यांनी लावलाय.”

“आणि हे आपल्याला कळलं.”

“आपल्याला कळलं, कंपनीकडे आहे आणि सोमवारी कार्यालयाकडे जाईल. एवढ्या सगळ्यांना कळलं, आणि त्यांनी स्वतः कोणालाच सांगितलेलं नाही.”

ऊर्वीला राग आला, पण तो नेमका कोणावर काढावा ते कळेना. “चूक कोणाची आहे? कंपनीची की सरकारची?”

“कंपनी म्हणते, आम्ही काय करणार, सरकारने मागितलं. सरकार म्हणतं, आम्ही फक्त मागितलं, साठवलेलं तर कंपनीने होतं. दोघांचंही थोडं खरं आहे. पण पहिली चूक माझी,” असं म्हणून आजोबांनी वर माळ्याकडे बोट दाखवलं. “ते डबे काढ.”

इंगवल्यांच्या माळ्यावर श्रीखंडाचे रिकामे डबे होते. आइस्क्रीमचे होते, तुपाचे होते, शिवाय सुतळीचे गुंडे आणि झाकण हरवलेल्या बरण्या होत्या. आजोबा कधीच काही टाकत नसत. का, म्हणून विचारलं की एकच उत्तर मिळे, कधीतरी उपयोगी पडेल. ऊर्वीने शिडीवर चढून दोन हातांत मावतील तेवढे डबे खाली आणले.

“चप्पल तयार होत होती तेव्हा आमच्यातली एक इंजिनिअर मुलगी म्हणाली, सर, तोल ओळखायला शेवटची वीस पावलं पुरतात. एकविसावं पडलं की पहिलं पुसून टाकू. सगळा हिशोब टाचेतच होईल, बाहेर काहीच पाठवायला नको. पडलं कोणी तरच ठिकाण कळवायचं.”

“मग?”

“मी म्हणालो, पुसायचं कशाला? ठेवून देऊ. कधीतरी उपयोगी पडेल.”

ऊर्वीने हातातल्या श्रीखंडाच्या डब्याकडे पाहिलं. तिला हसू आलं, पण आजोबा हसत नव्हते.

“तेव्हापासून प्रत्येकाचं प्रत्येक पाऊल कंपनीच्या सर्व्हरवर (माहिती साठवणारा आणि पुरवणारा मोठा संगणक) जातं. अशा साठलेल्या माहितीला डेटा म्हणतात. आधी तो नुसताच पडून होता. मग कंपनीच्या लक्षात आलं की कोणाचा गुडघा दुखतो हे यावरून कळतं, आणि गुडघ्याच्या तेलाच्या जाहिराती बरोब्बर त्याच घरांत जाऊ लागल्या. मग मोजणी कार्यालयाच्या लक्षात आलं. आता मला सांग, शेजारच्या सुमनकाकू डबा मागायला आपल्याकडेच का येतात?”

“कारण आपल्याकडे असतात, हे त्यांना माहीत आहे.”

“आणि नसते तर?”

“तर आल्या नसत्या. आल्या असत्या तरी रिकाम्या हातांनी गेल्या असत्या.”

“झालं. जे साठवलंच नाही ते कोणी मागू शकत नाही, चोरू शकत नाही आणि चुकून कोणाच्या हातीही पडत नाही. म्हणून काम होण्यापुरतंच घ्यावं आणि काम झालं की पुसावं. हे मला ऐंशीला टेकल्यावर कळलं.”

ऊर्वीने डबे एकात एक बसवले आणि विचार केला. “पण एखादं मूल हरवलं तर? तेव्हा सरकारला मागावं लागेलच की.”

“लागेल. सरकारने कधी मागूच नये असं मी म्हणत नाही. पण सुमनकाकू डबा मागतात तेव्हा कुठला, कशाला आणि किती दिवसांसाठी, ते सांगतात. आपला माळा डोक्यावर घेऊन जात नाहीत. सरकारनेही एका माणसाचं, एका कारणासाठी, ठरावीक वेळेचं मागावं, आणि ते कारण आधी न्यायाधीशाला पटावं. इथे काय केलं? त्या दिवशी सड्यावर जो जो गेला त्या सगळ्यांची नावं मागवली. एकशे चाळीस निघाली. त्यात गुराखी आले, सहलीला गेलेली शाळा आली आणि घरी बसलेला मी आलो.”

“घरी नाही, सभागृहात,” ऊर्वी म्हणाली.

सोमवारी दोघं मोजणी कार्यालयात गेले. तिथे भिंतीभर यंत्रं होती आणि यंत्रांना धूळ चालत नसल्याने सगळ्यांनी चपला बाहेरच काढायच्या होत्या; कर्मचाऱ्यांच्या चपलांसाठी नावं लिहिलेले कप्पे होते. अधिकारी वसुधा आवटे मॅडम चाळिशीच्या होत्या. त्यांनी दोघांना पाणी दिलं. पत्रात वाटल्या होत्या तेवढ्या त्या कडक नव्हत्या, फक्त त्यांच्यापुढे फायली फार होत्या.

आजोबांनी सांगितलं की मी व्याख्यानात होतो आणि चपला बदलल्या होत्या.

“सर, माझा विश्वास आहे,” मॅडम म्हणाल्या. “पण वरिष्ठ म्हणतात, माणसांच्या लक्षात राहत नाही, यंत्राच्या राहतं. एक सोपा मार्ग आहे. या कागदावर सही करा. कंपनीने मला फक्त नावं आणि वेळा दिल्यात. तुम्ही परवानगी दिलीत की पूर्ण तपशील उघडेल. चप्पल आधी कुठे होती, नंतर कोणाच्या घरी गेली, चाल कशी होती. पाच मिनिटांत तुम्ही मोकळे. खातं तुमचं आहे, तुमची एक सही पुरेल.”

“खातं माझं आहे. पावलं माझी नाहीत,” आजोबा म्हणाले. “सही करणार नाही.”

“मग ज्याने चपला नेल्या त्याचं नाव सांगा.”

“तेही नाही.”

मॅडमनी नाइलाजाने दुसरा कागद पुढे ओढला. तो संशयितांच्या यादीचा होता. गुरुवार जाणार, हे आता नक्की होतं, आणि आजोबा शांतपणे खिडकीबाहेर बघत बसले होते.

“मी जरा बाहेर जाऊन येते,” ती म्हणाली.

दोनेक मिनिटांनी टेबलावरचा, चपलेला जोडलेला मॅडमचा फोन बोलू लागला. “वसुधाताई, आपण चहाच्या गाड्यापाशी आहात. आपला तोल जातो आहे. सावकाश चाला.”

आवटे मॅडमनी फोनकडे पाहिलं. त्या खुर्चीतच बसलेल्या होत्या.

“वसुधाताई, आपण पडलात का? मदत पाठवू का?”

खिडकीतून चहाचा गाडा दिसत होता. तिथे ऊर्वी मॅडमच्या, तिला दोन आकडे मोठ्या होणाऱ्या चपला घालून एका पायावर लंगडी घालत होती. वर बघून तिने हात हलवला.

मॅडमना हसू आवरलं नाही. त्यांनी ‘मदत नको’ दाबलं. त्याखाली लिहिलेलं होतं, ‘मागील नोंदी पाहा: तीन वर्षं दोन महिने’. हे त्यांनी याआधी कधी उघडलं नव्हतं. त्यांनी ते उघडलं आणि बोटाने वर सरकवत राहिल्या. हसू हळूहळू गेलं. एका ठिकाणी त्यांचं बोट थांबलं. ते ठिकाण कोणतं होतं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आजोबांनीही विचारलं नाही.

“हे सगळं त्यांच्याकडे आहे?” त्या म्हणाल्या.

“आहे. उद्या दुसऱ्या एखाद्या कार्यालयाने तुमच्याच चपलेची नोंद मागवली, तर जाईलही.”

“मी कायद्याने मागितलं होतं, सर. मला मागता येतं.”

“येतं. पण एकशे चाळीस नावं तुम्ही मागितलीत ती मागणं सोपं होतं म्हणून. आणि सोपं मी करून ठेवलं होतं, त्यामुळे तुम्हाला एकटीला बोल लावत नाही. एक विचारू? सड्यावर जाऊन ते खुंट कोणी पाहिले?”

मॅडमनी फाईल चाळली. खुंट पडलेले ड्रोनने वरून टिपले होते. प्रत्यक्ष कोणीच गेलं नव्हतं. घरबसल्या नावं मिळत असताना तीन किलोमीटर कोण चढणार?

ऊर्वीने चपला आणून दिल्यावर मॅडम त्या घालून स्वतः सड्यावर गेल्या. खुंट जिथल्या तिथे आडवे पडले होते. त्यांच्या टोकांना काळे राठ केस चिकटलेले होते आणि आसपास शेण होतं. उघड्या माळावर म्हशींना अंग घासायला काही मिळत नाही, त्यामुळे सरकारने एवढ्या प्रेमाने रोवलेले खुंट त्यांना पसंत पडले होते. म्हशींच्या पायात चपला नसल्यामुळे त्यांचं नाव यादीत आलं नव्हतं. मॅडमनी तसा अहवाल दिला, एकशे चाळीस जणांची यादी रद्द केली आणि पुढच्या वेळी न्यायाधीशाच्या आदेशाशिवाय अशी यादी मागवू नये, असंही खाली लिहिलं. ते वरिष्ठांना आवडलं नाही, असं नंतर कळलं.

त्या गुरुवारी आजोबांनी मुंग्यांचा उरलेला भाग बाजूला ठेवला आणि ‘आपलं पाऊल कसं पडतं’ यावर बोलले. चाल बदलली तर घाबरू नये, पण लपवूही नये, लवकर दाखवलं तर औषधांनी बराच आराम पडतो, असं त्यांनी साठही जणांना सारखंच सांगितलं. शेवटच्या रांगेकडे त्यांनी मुद्दाम पाहिलं नाही. ऊर्वीने पाहिलं. नामदेवकाका त्या दिवशी झोपले नव्हते.

“तुम्ही त्यांना सरळ सांगत का नाही?” घरी येताना तिने विचारलं.

“मला ते त्यांनी सांगितलेलं नाही. चपलेने सांगितलंय. ते बोलले की मी बोलेन.”

ते पंधरा दिवसांनी बोलले. चपला परत करायला आले आणि उंबऱ्यावरच बसले.

“डाक्टर, ह्यो डावा पाय लई दिस झालं ऐकत न्हाई बघा,” ते म्हणाले. “घरात कुणाला बोललो न्हाई. म्हटलं, उगंच घाबरत्यात. तुमी त्या दिवशी सांगत हुता, तवा वाटलं की माझंच सांगताय.”

“बरं केलंत आलात,” आजोबा म्हणाले. “आत या. चहा घेऊ आणि मग कोणाला दाखवायचं ते ठरवू.” ऊर्वीने आजोबांना एवढं हायसं वाटलेलं बऱ्याच दिवसांनी पाहिलं.

कंपनीला मात्र पटायला आठ महिने लागले. गुडघ्याच्या तेलाच्या जाहिराती सोडवत नव्हत्या. आजोबा प्रत्येक बैठकीला एक श्रीखंडाचा डबा घेऊन जात आणि टेबलावर ठेवत. यादीतल्या एकशे चाळीस जणांनी आमच्या नोंदी पुसा म्हणून पत्रं पाठवली. सहलीच्या शाळेने तर प्रत्येक मुलाकडून वेगळं पत्र लिहून घेतलं. शेवटी नवी चप्पल आली. ती शेवटची वीस पावलं लक्षात ठेवते आणि एकविसावं पडलं की पहिलं पुसते. पट्ट्याखाली एक बारीक कळ आहे. पावलं महिनाभर साठवावीत असं चप्पल घालणाऱ्याला वाटलं, तर त्याने ती दाबायची, आणि महिना संपला की ती आपोआप सुटते.

नामदेवकाकांनी पहिली जोडी घेतली आणि दवाखान्यात डॉक्टरांच्या समोर बसून, थरथरत्या बोटाने, ती कळ स्वतः दाबली. आता दर महिन्याला ते ती पुन्हा दाबतात, त्यामुळे औषधाने पाऊल किती सुधारलं ते डॉक्टरांना कळतं. सड्यावरचा दिवा अजून तेच लावतात, फक्त चढताना नातवाला बरोबर नेतात.

आणि परवाच्या गुरुवारी व्याख्यान संपवून आजोबा पुन्हा दुसऱ्याच कोणाच्या तरी चपला घालून घरी आले. ऊर्वीने त्या उलट्यासुलट्या करून पाहिल्या. टाचेत वीस पावलं होती आणि ती सगळी आजोबांचीच होती. त्या कोणाच्या आहेत, याची जगात कुठेही नोंद नव्हती. मग ती चपला हातात घेऊन बाहेर पडली आणि दारोदार विचारत फिरली. चौथ्या घरी मालक सापडला.